फ्लेक्स छापण्याआधी, कॅमेरा लावण्याआधी

पोळा जवळ आला की नागपूरच्या इतवारीतल्या फ्लेक्सवाल्यांना उसंत नसते. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, लगेच गणपती, मग नवरात्र. मंडळाचा सचिव प्रायोजकांच्या मागे फिरत असतो आणि कुणीतरी सांगतं, "भाऊ, कमान कंपनीवालाच लावून देतो म्हणते, आपला एक रुपया लागत नाही." कंपनी इलायचीची असते, निदान फ्लेक्सवर तरी. त्याच आठवड्यात गल्लीतला एखादा पोरगा मोबाइलवर शॉर्ट फिल्म काढत असतो आणि तिच्यात नायक पानठेल्यावर उभा राहून खर्रा तोंडात टाकतो. केबलवाला मिरवणूक थेट दाखवतो आणि पाहुण्यांच्या डोक्यामागे ठेल्याचा चमकता बोर्ड दिसत राहतो. तिघांचीही समजूत एकच, की तंबाखूच्या इशाऱ्यांचे नियम मुंबईच्या सिनेमावाल्यांसाठी असतात.

ती समजूत चुकीची आहे. सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांचा कायदा २००३ चा. 'कोटपा' या नावानं तो ओळखला जातो आणि त्याची मुख्य कलमं १ मे २००४ पासून लागू आहेत. त्यातलं कलम ५ जाहिरातीबद्दल आहे. त्यात उत्पादक आणि विक्रेता येतात, माध्यम ज्याच्या हातात आहे तो येतो, आणि जाहिरातीत भाग घेणारा कुणीही येतो. पत्रक वाटणारा आणि भिंत, खांब किंवा गाडीवर फलक लावू देणारासुद्धा त्यातून सुटत नाही. त्यामुळे हे नियम छापखान्याला, मंडळाला, केबलवाल्याला, डिझाइन करणाऱ्या मुलालाही माहीत हवेत. एकेक बाब पुढे सांगतो, पण आधी इशारा नेमका कशाचा द्यायचा ते पाहू, कारण नागपुरात पहिली चूक तिथेच होते.

इशारा कशाचा?

आपल्याकडे खर्रा कसा बनतो हे सांगायला नको, तरी एकदा नीट पाहा. ठेल्यावर किसलेली सुपारी पन्नीवर पडते, तिच्यावर तंबाखू, मग बोटभर चुना. पन्नीची गुंडाळी करून फळीवर घोटायची, सुपारी मऊ पडून चुना-तंबाखू तिच्यात भिनेपर्यंत. आता घोटायच्या मशीनही आल्यात. शेवटी तीच पन्नी पिळून गिऱ्हाइकाच्या हातात. सिगारेटच्या पाकिटावर, बिडीच्या बंडलावर, तंबाखूच्या पुडीवर १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के जागा चित्रासह इशाऱ्याला द्यावी लागते. खर्र्याच्या पन्नीवर एक अक्षर नसतं. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पुढे सुगंधी तंबाखू आणि खर्राही तिच्यात आला, आदेश दरवर्षी नव्याने निघतो. प्रत्यक्षात ठेल्यावर काय दिसतं ते तुम्ही जाणताच.

म्हणजे विदर्भातला तंबाखू खाणारा माणूस इशारा वाचणार कुठे? पुडीवर तर नाहीच. तो वाचणार पडद्यावर आणि कागदावर. आणि तिथे आपण काय लिहितो? 'धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे.' नायक खर्रा चघळतोय आणि खाली पट्टी धूम्रपानाची!

हे वाक्य हाताला इतकं बसलंय, कारण ते जुनं आहे. १९७५ च्या सिगारेट कायद्यानं तसा इशारा पाकिटावर आणला. तो कायदा फक्त सिगारेटचा होता, बिडी आणि खायचा तंबाखू त्यात नव्हता. आजच्या चित्रपट नियमांतली वाक्यं वेगळी आहेत. दृश्यात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर 'धूम्रपानामुळे कर्करोग होतो' किंवा 'धूम्रपान जीवघेणं आहे' या आशयाचा इशारा. खायचा तंबाखू असेल तर 'तंबाखूमुळे कर्करोग होतो' किंवा 'तंबाखू जीवघेणा आहे'. भाषा चित्रपटाची असेल तीच. म्हणून खर्रा, नस, मशेरी, मळलेला तंबाखू, काहीही दाखवलं तर पट्टी तंबाखूची हवी.

हा फरक कागदी नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि न ओढता खाणारे-लावणारे २४.४ टक्के. आपल्या राज्याचा प्रश्न मुळात धुराचा नाही, तोंडाचा आहे. थिएटरमध्ये पिक्चर सुरू होण्याआधीच्या तंबाखूविरोधी स्पॉटमध्ये वर्षभर ज्या मुकेशला सगळ्या देशानं पाहिलं, तो मुकेश हराणे आपल्याच भुसावळचा. त्यानं सिगारेट नव्हे, गुटखा खाल्ला होता. २७ ऑक्टोबर २००९ ला तो गेला, वय २४. लोक मात्र आजही त्या स्पॉटला 'स्मोकिंगची जाहिरात' म्हणतात.

पडद्यासाठी: शंभर सेकंदांचा हिशोब

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय हे नियम असे का आहेत ते कळत नाही. २००५ मध्ये केंद्र सरकारनं चित्रपट आणि मालिकांत तंबाखू दाखवायलाच बंदी घातली. महेश भट्ट दिल्ली उच्च न्यायालयात गेले, वृत्तपत्रांतल्या छायाचित्रांवरच्या बंधनाविरुद्ध 'द हिंदू'ची मालक कंपनीही गेली. जानेवारी २००९ मध्ये न्यायालयानं ते नियम रद्द ठरवले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यानंतर नवे नियम आले, ते १४ नोव्हेंबर २०११ पासून लागू झाले आणि २०१२ मध्ये सुधारून २ ऑक्टोबरपासून आजच्या रूपात आले. सूत्र साधं होतं: दाखवायचं तर दाखवा, पण किंमत मोजा. वुडी ॲलनला ही किंमत मान्य नव्हती, म्हणून २०१३ मध्ये त्यांचा 'ब्लू जस्मिन' भारतात लागलाच नाही. कलेचा मुद्दा मला समजतो, पण ज्या देशात खर्र्याच्या पन्नीवर इशारा नाही तिथे पडद्यावरच्या पट्टीला नाक मुरडणं मला परवडण्यासारखं वाटत नाही.

किंमत अशी. तंबाखूचं उत्पादन किंवा सेवन दाखवणाऱ्या चित्रपटात अथवा टीव्ही कार्यक्रमात सुरुवातीला आणि मध्ये प्रत्येकी किमान ३० सेकंदांचा आरोग्य-स्पॉट. त्याशिवाय तंबाखूच्या दुष्परिणामांबद्दल आवाज आणि चित्रासह निवेदन, तेही सुरुवातीला आणि मध्ये, प्रत्येकी किमान २० सेकंद. आणि जितका वेळ तंबाखू दिसतो तितका सगळा वेळ पडद्याच्या खालच्या बाजूला स्थिर इशारा. ३० आणि ३०, २० आणि २०, मिळून शंभर सेकंद झाले. अडीच तासांच्या सिनेमात ते खपून जातात. बारा मिनिटांच्या शॉर्ट फिल्ममध्ये ते जवळपास सातवा हिस्सा खातात. म्हणून माझा सल्ला पटकथेच्या टेबलावरचाच आहे: पात्राच्या हातात बिडी देण्याआधी विचारा, ती नसली तर प्रसंग पडतो का? बहुतेक वेळा पडत नाही. 'वातावरणनिर्मिती' म्हणून दिलेली बिडी नंतर संकलनात रडवते. नव्या चित्रपटाला तर तंबाखूचं दृश्य का हवं याचं ठोस कारण सेन्सॉर बोर्डापुढे लेखी मांडावं लागतं.

दृश्य ठेवायचंच ठरलं तर पुढची काळजी घ्या. पाकिटाचा, पुडीचा जवळून घेतलेला शॉट चालत नाही. ब्रँडचं नाव आणि चिन्ह झाकायचं किंवा धूसर करायचं. ठेल्यावर लटकलेल्या पुड्यांच्या माळासुद्धा यात आल्या, कारण नियम सेवनापुरता नाही, उत्पादन दिसण्यालाही लागू आहे. त्यापेक्षा चित्रीकरणाच्या दिवशी ठेलेवाल्याला विनंती करून माळा उतरवून ठेवणं सोपं. सिनेमाच्या पोस्टरवर आणि प्रसिद्धीच्या साहित्यावर तंबाखू ओढताना किंवा खाताना कुणी दिसता कामा नये. यावर इशाऱ्याची पट्टी लावून सुटका नाही, तिथे ते चित्रच नको.

पट्टी कशी हवी? पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी, वाचता येतील अशी अक्षरं. आपल्याकडे पट्टी बनवतात ती पारदर्शक, करड्या अक्षरांत, उपशीर्षकांच्या मागे लपलेली. तयार झालेली फाइल एकदा मोबाइलच्या पडद्यावर, हात लांब करून पाहा. अक्षर न वाचता आलं तर ती पट्टी नाही. आणि दृश्य बदललं तरी तंबाखू दिसत असेल तोवर ती हलवू नका. चार सेकंद दाखवून काढून घेण्याची पद्धत नियमात बसत नाही. स्पॉट आणि निवेदन स्वतः बनवायची गरज नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालय ते उपलब्ध करून देतं आणि राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर ते मिळतात.

ओटीटीला हे सगळं आधी लागू नव्हतं. ३१ मे २०२३ ला अधिसूचना निघाली आणि १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरच्या मालिका-चित्रपटांनाही तेच स्पॉट, तेच निवेदन, तीच पट्टी बंधनकारक झाली. न पाळणाऱ्यावर आरोग्य, माहिती-प्रसारण आणि इलेक्ट्रॉनिक्स-माहिती तंत्रज्ञान या तीन मंत्रालयांची समिती स्वतःहून किंवा तक्रारीवरून कारवाई सुरू करू शकते. तुमची शॉर्ट फिल्म आज यूट्यूबवर टाकाल, उद्या एखाद्या ओटीटीला विकायची वेळ आली तर हीच कात्री लागेल. म्हणून मूळ आवृत्तीच नियमात बसवलेली बरी. आणि फिल्मच्या नावाखाली एखाद्या ब्रँडची जाहिरात केलीत, तर ती यूट्यूबवर असो की व्हॉट्सॲपवर, कलम ५ लागू होतंच.

झाडीपट्टीचं नाटक रंगमंचावर चालतं तोवर चित्रपट-टीव्हीच्या नियमांचा त्याच्याशी संबंध नाही. त्याचं रेकॉर्डिंग केबलवर लावलं की संबंध येतो.

आता मारबतीकडे. काळी आणि पिवळी मारबत नेहरू पुतळ्याजवळ भेटते, तेव्हा तिथे किती कॅमेरे असतात ते पाहिलंच असेल. त्या गर्दीत बडगे, म्हणजे टीकेचे पुतळेही असतात, व्यसनावर, भ्रष्टाचारावर, महागाईवर. बडग्याच्या हातात खर्र्याची पन्नी असली तर काही बिघडत नाही. पण खऱ्या कंपनीची पुडी चिकटवली असेल, किंवा मागच्या दुकानावर ब्रँडचा बोर्ड असेल, तर अडचण आहे. प्रसारित होणाऱ्या चित्रणात तंबाखूचा ब्रँड आला तर तो झाकायची जबाबदारी माध्यमाची असते. थेट प्रक्षेपणाला जी सूट आहे ती परदेशात होणाऱ्या खेळांच्या आणि कार्यक्रमांच्या प्रक्षेपणापुरती. इतवारी परदेशात नाही. केबलवाल्यानं आदल्या दिवशी मार्गावरून एक चक्कर मारावी, कॅमेऱ्याची जागा ठरवताना मागे काय येतं ते पाहावं. यात त्याचा खर्च काही नाही. केबल जाहिरातींबद्दल आणखी एक: १९९४ च्या केबल नियमांनुसार तंबाखूची थेट किंवा आडवळणाची जाहिरात चालत नाही, आणि केबल कायद्याखाली जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे अधिकृत अधिकारी आहेत. म्हणजे तक्रार दिल्लीला जायची वाट पाहावी लागत नाही.

कागद, फ्लेक्स आणि ठेल्याचा बोर्ड

वर्तमानपत्राला, साप्ताहिकाला, स्मरणिकेला तंबाखूविरोधी संदेश छापण्याची सक्ती नाही. छापलात तर चांगलंच. सक्ती आहे ती दोन गोष्टींची: जाहिरात घ्यायची नाही, आणि छायाचित्रात ब्रँडचं नाव किंवा चिन्ह आलं तर ते कापायचं वा झाकायचं. प्रेस कौन्सिलचे आचारनियमही तंबाखूच्या थेट-अप्रत्यक्ष जाहिरातीला मनाई करतात. पोलिसांनी पकडलेल्या गुटख्याच्या पोत्यांचा फोटो छापताना हे हमखास विसरलं जातं. पुड्या एकीवर एक रचून नाव कॅमेऱ्याकडे करून ठेवलेल्या असतात आणि कंपनीला पहिल्या पानावर फुकट जागा मिळते.

फ्लेक्सवाल्यांनी खरी काळजी घ्यायची ती अप्रत्यक्ष जाहिरातीची. नियमांत तिची व्याख्या बरीच रुंद आहे. तंबाखूच्या ब्रँडचं नाव दुसऱ्या वस्तूसाठी किंवा कार्यक्रमासाठी वापरणं, त्या ब्रँडशी जोडलेले रंग आणि मांडणी वापरणं, आणि दुसऱ्याच मालाच्या जाहिरातीत सिगारेट ओढतानाचं दृश्य टाकणं, हे सगळं तिच्यात येतं. शेवटची बाब पुन्हा वाचा. जीन्सच्या दुकानाच्या फ्लेक्सवर रुबाबासाठी सिगारेट पेटवणारा मॉडेल टाकलात, दुकानदाराचा तंबाखूशी काडीचा संबंध नसला, तरी ती तंबाखूची अप्रत्यक्ष जाहिरात ठरू शकते. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोंत अशा सिगारेटी पुष्कळ असतात. डिझाइन करणाऱ्यानं फोटो मोठा करून बोटांकडे आणि ओठांकडे एकदा पाहावं.

मंडळांसाठी कलम ५ मध्येच स्वतंत्र तरतूद आहे. प्रायोजकत्व, भेट, बक्षीस किंवा शिष्यवृत्ती यांच्या बदल्यात तंबाखूच्या ब्रँडचा प्रचार करता येत नाही. कमान कंपनीनं फुकट दिली, दहीहंडीच्या गोविंदांना टी-शर्ट दिले, दहावीच्या मुलांना बक्षिसं दिली, सगळं यात येतं. 'पण ती इलायचीची जाहिरात आहे' हे उत्तर आता टिकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी ज्या मालाच्या जाहिरातीला मनाई आहे त्याची दुसऱ्या मालाआड जाहिरात करायला स्पष्ट बंदी केली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रायोजक समोर बसला की एकच प्रश्न विचारा: या नावानं तंबाखू, गुटखा किंवा जर्दा कुठेही विकला जातो का? उत्तर 'हो' असेल किंवा तो हसून विषय बदलत असेल तर कमान नको. किराणा ओळीतले दहा व्यापारी मिळून तेवढे पैसे देतात, त्यांना विचारा.

कोटपाची शिक्षा: पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. हजार रुपये म्हणजे काहीच नाही, एका फ्लेक्सचे पैसेही त्यात निघणार नाहीत, आणि ही या कायद्याची कमजोरीच आहे. पण कैदेचा शब्द त्यात आहे, जाहिरातीचं साहित्य जप्त होऊ शकतं आणि उत्सवाच्या तोंडावर पदाधिकाऱ्याच्या नावावर गुन्हा नोंदला जाणं कोणत्याही मंडळाला परवडत नाही.

पानठेल्याच्या बोर्डाचं काम फ्लेक्सवाल्यांकडेच येतं, म्हणून मापं लिहून ठेवा. विक्रीच्या जागी जास्तीत जास्त दोन बोर्ड, प्रत्येक ६० बाय ४५ सेंटिमीटर. वरच्या बाजूला २० बाय १५ सेंटिमीटरचा इशारा, तंबाखूमुळे कर्करोग होतो किंवा तंबाखू जीवघेणा आहे, असा. खाली फक्त मालाचा प्रकार लिहायचा: सिगारेट, बिडी, तंबाखू. ब्रँडचं नाव नको, पाकिटाचं चित्र नको, मागून दिवा नको. या नियमाला मुंबई उच्च न्यायालयात बरीच वर्षं स्थगिती होती, ती सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये उठवली. तेव्हापासून कंपनीनं फुकट दिलेला, रात्री लाल-सोनेरी पेटणारा बोर्ड बेकायदा आहे. १८ वर्षांखालच्यांना विक्री नाही हा फलकही ठेल्यावर लागतो, आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, विक्रीच नको.

ई-सिगारेट आणि व्हेपचं काम आलं तर सरळ नाही म्हणा. २०१९ च्या कायद्यानं त्यांची विक्री, साठा आणि जाहिरात, तिन्हींवर बंदी आहे, आणि पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो. इन्स्टाग्रामवर पेज चालवणाऱ्या मुलांना हे कुणीतरी घरातूनच सांगायला हवं.

तक्रार करायची तर

फोटो काढा, त्यात आजूबाजूची एखादी ओळखीची खूण येऊ द्या. तारीख, वेळ, जागा लिहा. पडद्यावरचं असेल तर वाहिनीचं नाव, कार्यक्रम आणि किती वाजता. ठेल्याचा बोर्ड आणि फ्लेक्स यांसाठी जवळचं पोलीस ठाणं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतला तंबाखू नियंत्रण कक्ष. कोटपाखाली फौजदार आणि त्यावरच्या दर्जाचे पोलीस अधिकारी झडती घेऊ शकतात. आड मालाच्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. वर्तमानपत्राबद्दल प्रेस कौन्सिल, पण त्याआधी संपादकाला पत्र लिहा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यानं काम होतं, कारण चूक मुद्दाम केलेली नसते.

शेवटची सूचना सगळ्यांसाठी. मंडळाच्या स्मरणिकेत, कमानीच्या मागच्या रिकाम्या बाजूला, केबलवरच्या कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत एक क्रमांक टाका: १८००-११-२३५६. तंबाखू सोडायला मदत करणारी ही राष्ट्रीय क्विटलाइन आहे, फोन मोफत आहे. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक सिगारेट-बिडीच्या पाकिटावर छापला जातो. खर्र्याच्या पन्नीवर तो नाही, म्हणून इतवारीत तो तुम्हालाच छापावा लागेल.